सोनीची जवारी

आमच्या घराला दोन दारं होती आणि सकाळपासून दुपारपर्यंत पुढचं दार आमचं नसायचं. ते अंगणवाडीचं असायचं. मुखेडहून येणारी एस.टी. ज्या फाट्यावर अर्धी रिकामी होते, तिथून आत चालत गेलं की आमचं गाव. गावात शाळेला इमारत होती, सोसायटीला होती, अंगणवाडीला नव्हती, म्हणून मायने आमची पुढची खोली दिली. दिली म्हणजे काय, सेविका म्हणून तिची नेमणूक झाली आणि त्याच आठवड्यात आमची बाज, कणगी आणि अप्पांची सायकल मागच्या खोलीत गेली. भिंतीवर गेरूने अक्षरं आली, खुंटीला फळा आला, कोपऱ्यात सुकडीचं, म्हणजे लेकरांच्या सरकारी खाऊचं, पोतं आलं. मी सातवीत होते. शाळेला जाताना मला परसातून, कोंबड्या आणि राखेचा ढीग चुकवत बाहेर पडावं लागायचं. स्वतःच्या घरातून असं चोरासारखं मागून जायचं म्हणजे मला फार राग यायचा. पुढच्या खोलीत माझ्या जागेवर नाकातून शेंबूड गाळणारी पोरं मांडी घालून बसलेली असायची आणि माय त्यांना ज्या गोड आवाजात हाक मारायची, त्या आवाजात ती मला कधी हाक मारत नसे. माझ्या वाट्याला "ऊठ, पाणी भर" एवढंच.

मागच्या परसात अप्पांची भट्टी होती. ते फुटाणे भाजायचे आणि आठवडी बाजार धरायचे. तापलेल्या वाळूत हरभरा पडला की आधी नुसती सरसर व्हायची, मग तडतड सुरू व्हायची, आणि चाळणीतून वाळू गळताना जो आवाज यायचा तो ऐकल्यावरच मला घरात असल्यासारखं वाटायचं. आज मी लातूरला मुलाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर राहते. खाली कुणी वाळूचा टेम्पो रिकामा केला तरी मी खिडकीशी जाते, आणि सून विचारते, काय झालं आई? तिला काय सांगणार. तर अप्पांकडे दोन तराजू होते. एक बाजारात न्यायचा, हातात धरायचा. दुसरा मोठा, शेतकऱ्यांकडून हरभरा घेताना लागायचा, साखळदंडाच्या मोठ्या पारड्यांचा. तो पुढच्या खोलीतल्या तुळईला टांगावा लागे, कारण मागच्या खोलीला तेवढी भक्कम तुळईच नव्हती. मायने खोली घेतली, पण तुळई अप्पांनी सोडली नाही. हरभरा घेऊन झाला की कधी तराजू तसाच राही आणि मग अंगणवाडीची लेकरं समोरासमोरच्या पारड्यांत बसून झोके घेत. अप्पा ओरडायचे, आणि ओरडून झाल्यावर स्वतःच एखाद्याला झोका द्यायचे.

मदतनीस होती कौसाबाई. बौद्धवाड्यातली, उंच, मोठ्या हाताची, कमी बोलणारी. सुकडी ही कोरडी खायची तर टाळूला चिकटून लेकरं ठसकत, म्हणून कौसाबाई तिच्यात गरम पाणी घालून लाडू वळायची. तिच्या हाताचं खाणार नाही म्हणून पहिल्या महिन्यात गल्लीतल्या तीन घरांनी लेकरं धाडली नाहीत. मग त्या घरांतली लेकरंच वासाने रडून, हात सोडवून पळत यायला लागली आणि मोठ्यांचा नाइलाज झाला. त्या तीन घरांची नावं मला अजून पाठ आहेत. कौसाबाईने मात्र कधी ती उच्चारली नाहीत, त्यामुळे मीही इथे लिहीत नाही. मानधन यायचं तेव्हा यायचं, सुकडीचं पोतंही तसंच. पोतं आलं नाही की माय अप्पांच्या फुटाण्यांच्या डब्याकडे बघायची आणि अप्पा छपराकडे बघायचे. शेवटी डबा पुढच्या खोलीत जायचाच.

दिवाळी झाली की गाव अर्धं व्हायचं. मुकादमाच्या ट्रका यायच्या आणि ऊसतोडीच्या टोळ्या भांडी, कोंबड्या, लेकरं घेऊन निघून जायच्या. अंगणवाडीत सतरंजीचा निम्मा भाग उघडा पडायचा. त्या वर्षी शेजारच्या गयाबाईंचा मुलगा आणि सून रुक्मीण गेले, पण नात मागे ठेवून गेले. आदल्या हिवाळ्यात कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या खोपीत ती पोर तापाने मरता मरता वाचली होती. तिचं नाव सोनी. तीन वर्षं उलटून गेलेली, पण दीड-दोनची दिसायची. केस तांबूस, पाय काटक्या, आणि डोळे एवढे मोठे की तिच्याकडे बघताना आधी डोळेच दिसायचे. ती इतर लेकरांत मिसळत नसे. मी परसातून शाळेला निघाले की ती माझ्या परकराचं टोक धरून कोंबड्यांपर्यंत यायची आणि तिथे थांबायची. मला लहान पोरांचा कंटाळा होता, हे मी वर लिहिलंच आहे. सोनीचा आला नाही.

दिवाळीनंतर सुपरवायझर बाई आल्या. लातूरच्या होत्या, तांबड्या काठाची पांढरी साडी, खांद्याला पिशवी, फाट्यापासून चालत आल्यामुळे चपला धुळीने भरलेल्या. त्यांनी सतरंजीवर बसलेली लेकरं पाहिली, कौसाबाईने दिलेला चहा घेतला आणि मायला म्हणाल्या, "सुमनबाई, अर्धी लेकरं तोडीला गेली, ते मी समजू शकते. पण जी आहेत, त्यांतल्या एकाचंही वजन तुम्ही घेतलेलं नाही. वजनं नसतील तर इथे अंगणवाडी चालते असं मी वर कोणत्या तोंडानं सांगू? ओढ्यापलीकडचं गाव कधीपासून केंद्र मागतंय. तिकडे उचलून देतील." माय पदराच्या टोकाशी चाळा करत उभी होती. तिने एवढंच विचारलं, "मंग ह्या लेकरायनं दुपारी काय खावं?" चहाचा कप बाईंनी कितीतरी वेळ हातातच धरला.

वजन न घेण्याचं कारण आळस नव्हतं. सरकारने दिलेला काटा होता. गोल तबकडीचा, वर कडी, खाली आकडा. आकड्याला कापडी चड्डी लावायची, चड्डीत लेकरू घालायचं आणि लटकवायचं. पहिल्याच दिवशी गयाबाईंनी ते पाहिलं आणि सोनीला उचलून छातीशी धरलं. "खाटिक टांगतंय तसं टांगतीस व्हय गं लेकराला?" त्या म्हणाल्या. "जित्या जिवाला तोलू न्हाई. तोललं की लेकरू वाळतंय." गयाबाई गल्लीत सगळ्यात वडील. कुणाचं बाळंतपण, कुणाचं भांडण, सगळ्यात त्यांचा शब्द. त्यांनी नाही म्हटलं म्हणजे गल्लीने नाही म्हटलं. माय घरोघर हिंडली, समजावून सांगून सांगून तिचा घसा बसला. बाया पाट द्यायच्या, पाणी द्यायच्या, आणि म्हणायच्या, "तुमचं खरं हाय बाई, पन गयाबाई काय म्हनतेत?" रात्री जेवताना मायचा हात ताटातच थांबायचा. अप्पा म्हणायचे, खा की. ती म्हणायची, खाऊनच राहिले. आणि खायची नाही. ती एवढी रडकुंडीला आलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की पुढचं दार आम्हाला परत मिळू नये.

आता गंमत बघा. जी गोष्ट मायच्या समजावण्याने झाली नाही ती एका झोक्याने झाली. त्या दिवशी मला शाळेला सुट्टी होती. सकाळी अप्पांनी हरभरा घेतला होता आणि मोठा तराजू तुळईला तसाच होता. माय फळ्यावर चित्र काढत होती, कौसाबाई चुलीशी, आणि लेकरं दोघं दोघं, पाळीपाळीने पारड्यांत बसत होती. सोनीची पाळी आली. समोरचं लेकरू बसायच्या आधीच ती पारड्यात नीट मांडी घालून बसली, दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या, आणि तेवढ्यात दारात गयाबाई. मायच्या हातातला खडू खाली पडला. मला वाटलं, आता हे सगळं संपलं. पण गयाबाई सोनीकडे बघतच नव्हत्या. त्या समोरच्या पारड्याकडे बघत होत्या.

"त्या पारड्यात काय हाय?"

"काय न्हाई, मावशी," माय घाईने म्हणाली. "खेळून राहिलंय लेकरू. वजन न्हाई करत मी."

"रिकाम्या पारड्यासमोर जितं लेकरू बसविलंस? उतरवू नको तिला आता. हात लावू नको. सोने, हालू नको गं माय."

आमच्याकडे लेकरू तोलायचं ते फक्त नवसाला. खंडोबाच्या जत्रेत एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात गूळ नाहीतर धान्य. पण समोर काहीच नाही आणि लेकरू बसलं, तर लेकराचं भरलेपण त्या रिकाम्यात निघून जातं, असं जुनी माणसं मानत. आणि एकदा बसलं की समोरचं पारडं भरून बरोबरीला आल्याशिवाय लेकराला उतरवायचं नाही. गयाबाई गुडघ्यावर हात ठेवत, लंगडत, पण पळतच घरी गेल्या. सोनी घाबरली होती. मी तिच्याजवळ बसून तिचा हात धरला. तळवा थंड होता. गयाबाई परत आल्या त्या डोक्यावर जवारीचं मोठं टोपलं घेऊन. कणगीच्या तळाची असणार, कारण तिच्यात खडे आणि माती होती. ओंजळीने त्या जवारी पारड्यात घालायला लागल्या, ओठ हलत होते, प्रत्येक ओंजळीला देवाचं नाव. टोपलं निम्मंही झालं नव्हतं आणि सोनीचं पारडं जमिनीवरून उठलं. वर आलं, डोललं, आणि झोका मिळाला म्हणून सोनी हसली. गयाबाईंची पुढची ओंजळ भरलेली होती. ती तशीच हवेत राहिली.

"एवढ्यातच?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी परसाकडे तोंड करून हाक मारली, "नागोराव, तुझा तराजू खोटा हाय."

अप्पा भट्टीवरून हात पुसत आले. त्यांच्या तराजूला खोटा म्हणणाऱ्याशी त्यांनी एकदा भर बाजारात हातघाई केली होती, हे गावाला माहीत होतं. मी माझी मान खाली घातली. अप्पांनी एका पारड्यातली जवारी पाहिली, दुसऱ्या पारड्यातली सोनी पाहिली. त्यांचा आवाज एवढा खाली गेलेला मी ऐकला नव्हता. "तराजू खरा हाय, मावशी."

"मंग लेकरू खोटं हाय व्हय?"

आणि त्या मटकन सतरंजीवर बसल्या. हातातली ओंजळ मांडीत सांडली. काटा काय दाखवतो ते त्यांना कधी कळलं नसतं, पण जवारी त्यांनी जन्मभर हातांनी मोजली होती. दळणाला किती, पेरायला किती, मजुरीची किती. त्या पारड्याकडे बघून त्यांना जे कळलं ते मायच्या महिनाभराच्या बोलण्याने कळलं नव्हतं. "माझ्या शेळीचं करडू हिच्याहून भारी हाय," त्या म्हणाल्या. "रोज उचलून घेते म्या हिला. मला कसं कळलं न्हाई गं सुमन?" माय त्यांच्या शेजारी खाली बसली. मला वाटलं, आता ती म्हणेल, मी तुम्हाला सांगत नव्हते का? मी म्हटलं असतं. माय म्हणाली, "रोज उचलणाऱ्याला कळत न्हाई, मावशी. मला माझ्या लेकीचं बी कळलं नसतं." आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. अंगणवाडीच्या आवाजात तिने मला कधी हाक मारली नाही ही माझी तक्रार त्या दिवसापुरती तरी मिटली.

तोललेली जवारी घरी परत न्यायची नसते. गयाबाईंनी ती अंगणवाडीत ठेवली. मायने आधी ती फडक्यात बांधली, त्या सरकारी काट्याला टांगली आणि तबकडीवरचा आकडा लिहून घेतला. काटा त्या दिवशी पहिल्यांदा वापरला गेला. मग कौसाबाईने जवारी निवडली, भरडली आणि कण्या शिजवल्या, वरून फोडणीला लसूण. लेकरांनी बोटं चाटली. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या दोघी-तिघी आपापली लेकरं आणि टोपली घेऊन दारात उभ्या. एकीने तूर आणली. एकीकडे धान्य नव्हतं, तिने परसातल्या चिंचा आणल्या आणि लाजत विचारलं, चालतंय का? गयाबाईंनी न्याय दिला, चालतंय, लेकरू काय म्हनतंय का मला चिंच नगं? पण मायला ही दानं बघवेनात. ज्यांच्या घरात लेकरू वाळलेलं, त्यांच्याच कणगीतून धान्य कसं घ्यायचं? तिने गयाबाईंना मध्ये घालून रीत बदलून घेतली. तोलून झालं की एक मूठ अंगणवाडीला, बाकी घरी. देवाला मूठ पुरते, असं गयाबाईंनी जाहीर केलं, आणि देवाने हरकत घेतली नाही.

इथे लातूरला आमच्या कोपऱ्यावरची अंगणवाडी मी जाता-येता बघते. तिथली सेविका तरुण आहे, चुणचुणीत. लेकराला यंत्रावर उभं करते, आकडा मोबाइलमध्ये टाकते, आणि रेंज नसली की मोबाइल उंच धरून रस्त्यावर येते. मदतनिसाची जागा कधीपासून रिकामी आहे, म्हणून खिचडीही तीच बघते. परवा मी तिला विचारलं, आया येतात का वजन बघायला? ती म्हणाली, कुठं हो काकू, त्यांना काय कळतंय त्यातलं. मी घरी आले आणि हे लिहायला बसले.

तर जवारी तोलली त्याच्या पुढच्या महिन्यात सुपरवायझर बाई वरच्या साहेबांना घेऊन आल्या. साहेब बुटके, घामाघूम, हातात फाइल. तुळईच्या तराजूला गयाबाईंनी झेंडूची माळ घातलेली होती, ती बघून ते थबकले. "हे काय?" माय म्हणाली, "वजनं हायत साहेब. सरकारी काट्यावरच केलेली." "लेकरांची?" "जवारीची. पन जवारी लेकराइतकीच हाय." बाईंनी तोंडाला पदर लावला. साहेबांनी स्वतःसमोर एक लेकरू आणि एक टोपलं तोलून घेतलं, काट्याला लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं. माणूस वाईट नव्हता. मग त्यांनी सोनीला जवळ बोलावलं, तिचा दंड दोन बोटांत धरला आणि फाइल मिटली. "गुढीपाडव्याला टोळ्या परत येतील," ते म्हणाले, "तेव्हा किती लेकरं सतरंजीवर बसतात, आणि ही पोर कशी दिसते, ते बाई मला येऊन सांगतील. तोवर ओढ्यापलीकडच्यांना थांबा म्हणतो."

म्हणजे आमची अंगणवाडी सोनीच्या अंगावर आली. ते सगळ्यांना कळलं होतं, सोनी सोडून. कौसाबाई तिच्यापुढे एक लाडू ठेवायची आणि पाठ फिरवून परत आली की दुसरा. अप्पा बाजारातून आले की खिशातून शेंगदाणे काढायचे, कुणी बघत नाही असं समजून. गयाबाईंच्या शेळीचं दूध फाट्यावरच्या हॉटेलात जायचं, ते बंद झालं. हॉटेलवाला विचारायला आला तर त्याला ऐकून जावं लागलं. माघात सोनी पुन्हा तापली. मुखेडच्या दवाखान्यात माय आणि गयाबाई तिला घेऊन बसल्या, आणि त्या महिन्यात पारड्यात जवारी घालताना गयाबाईंना मागच्यापेक्षा कमी घालावी लागली. अंगणवाडीची मूठ त्यांनी वेगळी दिली, आणि तोललेल्या जवारीतला एक दाणाही सांडू नये म्हणून तिच्यासाठी पिशवी शिवली, अप्पांच्या जुन्या धोतराची. ती त्यांच्या घरात खुंटीला टांगलेली असायची, सोनीची जवारी म्हणून. घरात दळण संपलं तरी त्या पिशवीला हात नाही. उसनी आणत, पण ती नाही.

पाडव्याच्या सुमारास ट्रका परत आल्या. त्या सकाळी मी परसातून न जाता पुढच्या दाराशीच बसून होते. सुपरवायझर बाई आलेल्या. सतरंजी भरून लेकरं भिंतीपर्यंत गेलेली, उन्हाने काळी पडलेली, ऊस चघळणारी. रुक्मीण उंबऱ्यावर उभी होती, पायांवर अजून पाचटाचे ओरखडे. सोनीने तिला ओळखलं नाही. ती माझ्या मागे लपली, आणि रुक्मीण तिच्याकडे नुसती बघत राहिली. गयाबाईंनी नातीला पारड्यात बसवलं, पिशवीचं तोंड सोडलं आणि जवारी ओतायला लागल्या. ओंजळीने नाही, सरळ ओतत. पिशवी निम्मी झाली. सोनी जमिनीवरच. पिशवी रिकामी झाली, गयाबाईंनी ती उलटी करून झटकली, शिवणीत अडकलेले दाणे नखाने काढून टाकले. सोनीचं पारडं हललं, पण उठलं नाही.

गयाबाई पिशवी हातात धरून उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "पुरंना."

अप्पा लगेच फुटाण्यांचा डबा घेऊन पुढे आले. "नगं," गयाबाई म्हणाल्या, "तुझे फुटाणे नगं. रुक्मे, घरी जा. तुम्ही आनलेलं पोतं फोड आन् जवारी घेऊन ये." रुक्मीण पळाली. ती आली तेव्हा ओच्यात जवारी होती, आणि ती घालताना मायने खालून तिचा ओचा धरला. एक मूठ, दुसरी मूठ. सोनीचं पारडं उठलं. सुपरवायझर बाईंनी पेन मिटून पिशवीत टाकलं आणि मायला म्हणाल्या, "सुमनबाई, हे केंद्र आता कुठे जात नाही. मी साहेबांना सांगते." मायला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. ती डोळ्यांना पदर लावून बसली होती, आणि कौसाबाई तिची पाठ थोपटत होती.

गयाबाई मात्र हसत होत्या. दात नसलेल्या तोंडाने, गुडघे धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "घरात जवारी पुरंना म्हनून जल्मभर रडले बया," त्या म्हणाल्या, "आज पुरंना तर हासून राहिले."